सोनारीचं वळण

वाशी, फाल्गुन शुद्ध दशमी, शके १८६६

अण्णा, शरणार्थ.

हे पत्र शेजारच्या महारुद्रच्या हाती देतोय. तो करडई घेऊन बार्शीच्या बाजारात चाललाय. टपालानं धाडलं असतं तर तुमचं उत्तर डाकवाल्यानं अप्पांच्या हातात ठेवलं असतं आणि अप्पांनी ते न वाचता चुलीत घातलं असतं. तुम्ही कडूबाईवहिनींशी लग्न लावून इंग्रजांच्या खालसा मुलखात निघून गेलात, तेव्हापासून या घरात तुमचं नाव निघत नाही. अव्वासुद्धा माझ्याशी बोलताना 'तो' म्हणते, आणि मी समजून घेतो.

अव्वा आजारी होती हे तुम्हांला कुणी सांगितलं का? दिवाळीनंतर तिला ताप धरला. आधी हिवताप वाटला, मग वैद्य छातीत पाणी झालंय म्हणाले. पौषात तर ती कुणाला ओळखेना. मला तुमच्या नावानं हाक मारायची. मीही ओ द्यायचो. तेव्हा एका सकाळी अप्पा ओलेत्यानं अंगणात उभे राहिले आणि सोनारीच्या दिशेला तोंड करून बोलले, "भैरवनाथा, गौराला उठीव. चैत्राच्या जत्रंत माझ्या घरची गाडी तुझ्या दारात पळवीन. माझ्या पोराच्या हातानं पळवीन."

अव्वा उठली. आता भाकरी थापते, माझ्यावर ओरडते. म्हणजे नवस फेडायचा आहे. आणि घरात पोरगा म्हणून आता मला एकट्यालाच धरतात.

मी बैलांना चारा घालणारा माणूस. मल्ल्या आणि चांद्या मी वासरं असल्यापासून वाढवले, पण छकड्यावर उभं राहून शर्यत कधी मारली नाही. ते काम तुमचं होतं. तुम्ही घर सोडलंत त्याच्या आदल्या सालात सोनारीला धावला होतात. मी तेव्हा गोवरानं अंथरुणात होतो, म्हणून मला काहीच ठाऊक नाही. गावात अजून सांगतात, शांतलिंगच्या थोरल्यानं सोनारीचं वळण मारलं. तर ती वाट कशी आहे तेवढं लिहून धाडा. सुटताना चढ आहे की उतार? वळण डावीकडं की उजवीकडं? तिथं विहीर आहे म्हणतात, ती वळणाच्या आत येते की बाहेर?

भीतीबिती काही नाही. फक्त माहिती असलेली बरी, म्हणून विचारतोय.

वहिनींना नमस्कार.

तुमचा वीरभद्र


वाशी, फाल्गुन वद्य नवमी

अण्णा,

महारुद्र परत आला. तुम्ही पत्र वाचून घडी केलीत, खिशात घातलंत आणि त्याला म्हणालात, "त्याला म्हणाव, पळू नको." एवढंच. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, आणखी काय म्हणाले? तो म्हणाला, "आरं, काय न्हाय. गिरणीचा भोंगा झाला आन् गेले की आत."

पळू नको हे मलाही सुचलं होतं, अण्णा. ते सांगायला बार्शी कशाला पाहिजे. मी विहीर कुठं ते विचारलं होतं.

रागावू नका. मागच्या पत्रात भीती नाही म्हणालो ते खोटं होतं. खरं सांगायचं तर, सकाळी छकडं जुंपायचं म्हटलं की गोठ्यामागं जाऊन ओकतो आणि तोंड धुऊन पुढं येतो. रात्री डोळे मिटले की वाट दिसते, पण ती रोज निराळी असते. कारण वाट कुणी धड सांगतच नाही. महारुद्र म्हणतो, मैदानातून सुटायचं, ओढ्यात उतरायचं, पलीकडं लिंबाला वळसा घालून मागं. बाजारातला तेली म्हणतो, लिंब कधीच पडला, आता विहिरीलाच वळसा घालतात. पण एक गोष्ट सगळे सांगतात. पारगावचा बलभीम त्याच विहिरीत गेला. बैलांसकट गेला. सांगताना माणसं आवाज खाली आणतात आणि मग माझ्याकडं बघून एकदम दुसरंच काहीतरी बोलायला लागतात.

मी आपल्या पडीक रानात राखेनं वाट आखली आहे. विहीर म्हणून एक खड्डा धरलाय. वळण डावं आहे असं समजून चार दिवस पळवलं. मल्ल्या आत असला की वळतो, त्याला कासरा नुसता दाखवला तरी कळतं. चांद्या वळत नाही. त्याला एकदा वेग आला की मान पुढं काढतो आणि सरळ जातो, जणू पुढं त्याचं कुणीतरी बसलंय. मग वळण उजवं धरून पाहिलं, म्हणजे चांद्या आत येईल. त्या दिवशी छकडं कलंडलं. मी खाली, आणि चाक पाठीच्या इतक्या जवळून गेलं की सदरा फाटला.

अप्पा बांधावर उभे होते. जवळ आले, आधी बैलांचे पाय चाचपले, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हाडं शाबूत हैत न्हवं?"

मी म्हणालो, "अप्पा, एक बोलू का? हे काम अण्णाचं आहे. तो बार्शीत आहे. बोलावलं तर..."

"कोण अण्णा?" ते म्हणाले. आणि राखेची पुसलेली रेघ पायानं नीट करत बसले.

अव्वापासून लपवलं होतं. पण अंघोळीला पाठ चोळताना तिनं ओरखडा पाहिलाच. पाणी ओतायची थांबली. तशीच गेली ओसरीवर आणि अप्पांना म्हणाली, "नवस माझ्या जिवासाठी केला न्हवं? मग मला का न्हाय इचारलं? म्या जाते सोनारीला. देवळाभवती लोटांगण घालते. पोराला सोडा."

अप्पा म्हणाले, "देवापुढं बोललोय ते बोललोय, गौरा. लोटांगण न्हाय बोललो, गाडी बोललो."

"आन् ह्याला काय झालं तर?"

अण्णा, मी तेव्हा अप्पांचं तोंड पाहिलं. मला वाटत होतं हा माणूस दगडाचा आहे. तसं नाही. ते माझ्याहून जास्त भ्यालेले आहेत. फक्त त्यांची भीती निराळी. मी विहिरीला भितो. ते याला भितात, की नवस राहिला तर अव्वाला पुन्हा ताप येईल. ती नुसती खोकली तरी त्यांच्या हातातलं काम गळतं. खरं सांगू? ते मलाही आता तसंच होतं. पळालो तर मी जाईन, नाही पळालो तर ती जाईल, असं काहीतरी डोक्यात बसलंय आणि निघत नाही. सरकारी मदरशात मुन्शी मास्तर म्हणायचे तू हुशार आहेस. त्या हुशारीचा इथं काही उपयोग होत नाही.

तेवढं लिहा, अण्णा. डावं की उजवं.

वीरभद्र


सोनारी, चैत्र वद्य सप्तमी, शके १८६७

अण्णा,

तुमचं उत्तर आलं नाही. महारुद्र म्हणाला, तुम्ही त्याला भेटलाच नाहीत, वहिनींनी दारातूनच सांगितलं की पाळीवर गेलेत. असू दे. आता मी स्वतःच ती वाट बघून आलो.

आम्ही दुपारी इथं पोचलो. अव्वाला गाडीत गवतावर निजवून आणलं, छकडं मागं बांधलं होतं. चिंचेखाली उतरलो आहोत. ऊन इतकं आहे की बैलांच्या पाठीवर ओलं पोतं टाकावं लागतं. माकडं तुम्हांला आठवत असतील. अव्वाच्या हातातली भाकरी एकानं उतरलो तेव्हाच नेली, आणि ती इतक्या दिवसांनी मोकळी हसली. मला मात्र ती माकडं बघून घाम आला. चांद्या झाडावरच्या प्रत्येक हालचालीला कान टवकारतोय.

ऊन कलल्यावर अप्पा देवळात गेले. मी अव्वाला म्हणालो, जरा वाट बघून येतो. ती म्हणाली, "म्या बी येते." नको म्हणालो तर काठी घेऊन पुढंच निघाली.

आता ऐका वाट कशी आहे. तुम्हांला ठाऊक आहे, पण लिहिलं की मला धीर येतो. देवळापुढच्या मैदानातून सुटायचं. दोन्ही बाजूंना माणसं. मग शेताची वाट, रुंद, मऊ मातीची, तिथं कुणीही पळवील. पुढं ओढा. कोरडा आहे, पण उतार फसवा आहे, वरून दिसत नाही. ओढ्यातून वर चढलं की लगेच वळण. डावं. आणि विहीर बाहेरच्या अंगाला.

बाहेरच्या, अण्णा. आणि जमीन तिकडंच कललेली. विहिरीला कठडा नाही. काठाची माती चाकांनी घासून गुळगुळीत झाली आहे. मी डोकावलं. पाणी फार खोल, हिरवं. बाहेरच्या अंगाला उजवा बैल येणार, म्हणजे चांद्या. जो वळत नाही तो.

माझे पाय तिथंच रोवले गेले. अव्वानं माझा दंड धरून मला मागं ओढलं.

शेजारच्या मळ्यातून एक म्हातारी आली. हरणाबाई म्हणून, विहीर तिच्याच दिराची. आम्हांला वाटलं हाकलायला आली. ती म्हणाली, "दर सालाला काट्या लावून घेते भवतीनं. जत्रंचे लोक उपसून टाकत्यात. काट्यांनी वाट अरुंद हुतीय म्हनं." मग माझ्याकडं बघत राहिली. "वाशीचा का रं तू? शांतलिंगाचा?"

मी हो म्हणालो.

"तुज्यावानीच एक उंच पोरगा आलता मागं. त्येचाच तोंडवळा हाय तुजा."

"थोरला भाऊ," मी म्हणालो.

"त्यो बरा होता. हितं आला आन् खाडकन बैलं थांबिवली. खाली उतरला, येसणीला धरून चालत नेली हितनं. लोकं हसली. म्या म्हनलं, हसा, आज माज्या हिरीत कुनी पडलं न्हाय."

अण्णा, मी अव्वाकडं पाहिलं. मला वाटलं ती रडेल. तर ती विहिरीच्या काठाशीच खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "शाणा गं बाई माझा चन्नबसू." शुद्धीवर असताना तीन सालांत पहिल्यांदा तिनं तुमचं नाव घेतलं. मग बराच वेळ दोघी म्हाताऱ्या तुमच्याबद्दलच बोलत होत्या, एकीनं तुम्हांला जन्म दिला आणि दुसरीनं एकदाच पाहिलं.

म्हणून तुम्ही उत्तर दिलं नाहीत. वळण कसं मारायचं ते तुम्हांला ठाऊकच नव्हतं.

मला राग आला नाही. उलट हलकं वाटलं, पण परत येईपर्यंतच. कारण तुम्ही हौसेनं धावला होतात, अण्णा. तुमच्या मागं कुणाचा जीव बांधलेला नव्हता. मी उद्या उतरलो तर गाडी पळवली असं होईल का? देव कुठल्या कलमानं धरील? येताना अव्वा म्हणाली, "तू बी उतर. माझं काय व्हायचं ते हुईल." ती म्हणाली म्हणूनच ते अजून अवघड झालं.

अप्पांना हरणाबाईचं बोलणं सांगितलेलं नाही. अजून त्यांच्या मनात तुम्ही वळण मारलेलेच आहात. तेवढं तरी राहू दे.

सांज होत आली, दिसेनासं होतंय, आणि लढाईपायी रॉकेल आता कुठं मिळतंय. माझ्या जोडीला परंड्याकडच्या हिंमतरावांची गाडी आहे. त्यांचा हाकणारा मघाशी येऊन चांद्याचे दात बघून गेला आणि हसला. बोटं इतकी गार पडली आहेत की अक्षर वाकडं येतंय. या उन्हाळ्यात.

उद्या काय करीन ते मला ठाऊक नाही.

वीरभद्र


वाशी, चैत्र अमावास्या

अण्णा,

जिवंत आहे. बैलही आहेत. आधी हे सांगितलं, आता सावकाश लिहितो.

सकाळी अप्पांनी बैलांना भंडारा लावला, मला लावला आणि "नीट," एवढंच म्हणून गर्दीत गेले. सुटायच्या रेघेवर हलग्या वाजत होत्या, पण थोड्या वेळानं मला त्या ऐकू येईनात. हिंमतरावांचा हाकणारा काहीतरी बोलत होता, त्याचे नुसते ओठ दिसत होते. मग बैलांनीच उडी घेतली. मी हाकललं नाही. ते सुटले आणि मी त्यांच्याबरोबर गेलो.

शेताची वाट कधी संपली कळलं नाही. मल्ल्या आणि चांद्या असे पळाले, अण्णा, की एवढ्या भीतीतही मला वाटलं, अरे, हे माझे आहेत. आम्ही पुढं होतो. ओढ्याच्या उतारावर छकडं उधळलं आणि माझा एक पाय फळीवरून सुटला. वर चढताना फक्त एका हातानं धरलेलो होतो. चांद्यानं मान पुढं काढली. मी ओळखलं, हा आता वळत नाही.

आणि समोर विहिरीच्या काठावर एक माणूस उभा होता. खांद्यावर जाड दोराची वेटोळी. मला वाटलं हरणाबाईचा गडी असेल. मग पागोटं ओळखलं. अप्पा होते. ते ओरडत नव्हते, हातवारे करत नव्हते. दोर धरून नुसते उभे होते आणि तोंड असं झालं होतं, जसं पौषात अव्वाच्या उशाशी व्हायचं.

मी दोन्ही कासरे छातीशी ओढले. अंगात होतं नव्हतं तेवढ्यानं ओढले. मल्ल्या बसकला, त्याच्या ओढीनं चांद्या आडवा झाला आणि छकडं काठापासून अलीकडं थांबलं. किती अलीकडं ते मी नंतरही पाहिलं नाही. खाली उतरलो. चांद्याच्या वेसणीला लोंबकळतच उभा राहिलो.

मागून हिंमतरावांची गाडी आली आणि आमच्या आतल्या अंगानं वळली. तिचं आतलं चाक जमिनीवरून उचललं गेलं, क्षणभर फिरत राहिलं आणि खाली टेकलं. झाली पार. त्या हाकणाऱ्याला काही झालं नाही, अण्णा. लोकांनी पागोटी उडवली. आणि माझ्याकडं बघून हसले, ते तुम्हांला सांगायला नको.

अप्पा आले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी चांद्याची वेसण माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "तू मल्ल्याला धर." आम्ही दोघं बैल चालवत देवळापर्यंत गेलो. लोक कडेनं काय काय बोलत होते. पायरीपाशी अप्पांनी कपाळ टेकलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवा, गाडी आणली. पळाली तेवढी पळाली. उरल्याचा जाब मला इचार, ह्या पोराला न्हाय आन् त्येच्या आईला न्हाय."

परतीच्या वाटेवर अव्वा गाडीत झोपली होती. मी हाकत होतो, अप्पा शेजारी. बार्शीचा फाटा मागं पडल्यावर ते म्हणाले, "चन्नबसप्पा बी तितंच उतरला हुता."

मी हाकायचाच थांबलो. "तुम्हांला ठाऊक होतं?"

"त्या बारीला बी म्या हिरीवरच हुबा हुतो. दोर घिऊन."

"मग गावात सांगितलं नाही ते?"

"का सांगावं? हसत्याल की त्येला."

"आणि मला पाठवलंत, अप्पा."

त्यांनी माझ्या हातातले कासरे घेतले आणि बैल पुन्हा चालते केले. "पौषात तुझ्या अव्वाकडं बघून डोस्कं चालत न्हवतं रं. भिऊन बोललो नवस. मोठं काय तरी बोलल्याबिगर द्येव ऐकायचा न्हाय, असं वाटलं. बोलून बसल्यावर कळंना मागं कसं घ्यावं. तवापास्नं जेवन ग्वाड लागलं न्हाय."

मग मी विचारलं, दोराचं काय करणार होतात? ते म्हणाले, "उडी टाकनार हुतो. दोर वर कुनाच्या तरी हातात दिला असता." अप्पांना पोहता येत नाही हे तुम्हांला ठाऊक आहे.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी अव्वाला ताप आला. ऊन लागलं असेल, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो आणि एकमेकांकडं बघत नव्हतो. अप्पा शेतावर गेलेच नाहीत. ओसरीवर बसून राहिले. मी पाण्याच्या पट्ट्या ठेवत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की मी कासरे ओढले, मी ओढले. काल सकाळी ताप उतरला. आज ती उठून बसली आणि ताकभात मागितला. पण मला अजून विश्वास बसत नाही, आणि अप्पांनाही बसत नाही. ती खोकली की आम्ही दोघंही मान वर करतो. हे किती दिवस चालेल ठाऊक नाही. कदाचित जन्मभर.

मी हे पत्र ओसरीवरच लिहितोय, लपून नाही. मघाशी अप्पा पाणी प्यायला आले आणि बघत उभे राहिले. कुणाला, असं विचारलं नाही. तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "त्येला लेकरू हाय म्हनं."

मी म्हणालो, "मुलगी आहे. महारुद्रनं पाहिली."

"नाव काय ठिवलंय?"

मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं. ते अजून इथंच उभे आहेत, अण्णा. मला म्हणाले, "मग इचार की."

वीरभद्र